हातात काय उरतं ते बघ

प्रिय दोस्ता,

तुझा मेल वाचला. प्रश्न तीन: लॅपटॉप कोणता घेऊ, प्रोग्रॅमिंगची कोणती भाषा शिकू, आणि एआय सगळं लिहून देत असताना शिकण्यात आता काही राम उरलाय का. पहिल्या दोघांचा निकाल इथेच लावतो, तिसऱ्याकडे वाटेत येईन. बाकीचं पत्र तू न विचारलेल्या गोष्टींचं आहे. काकाला सल्ला विचारला की एवढं सोसावंच लागतं.

लॅपटॉप घेताना रॅम सोळा जीबीच्या खाली नको, कारण हल्ली बऱ्याच मशीनमध्ये ती बोर्डालाच सोल्डर केलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. एसएसडी (डेटा साठवायची डिस्क) बदलता येणारी हवी, बॅटरी स्क्रूने बसवलेली हवी. कीबोर्डवर स्वतः बोटं चालवून बघ. प्रोसेसरच्या पुढच्या पिढीसाठी थांबू नकोस, पुढची पिढी नेहमी येणारच असते. भाषेचं म्हणशील तर पायथन घे आणि वर्षभर तरी बदलू नकोस. सोबत एसक्यूएल शीक, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. ती १९७०च्या दशकातली आहे आणि तिला संपवायला निघालेल्या बऱ्याच गोष्टी तिच्या आधी संपल्या. झालं.

आता मुद्द्याचं. या यंत्रांच्या नादात इतकी वर्षं काढल्यावर माझ्याकडे एक मत असं उरलंय की त्यावर मी कुणाशीही भांडायला तयार असतो. जे आपल्या हातात आहे आणि जे आपल्याला फक्त वापरू दिलंय, यातला फरक दर वेळी ओळखता आला पाहिजे. फोटो, पुस्तक, हिशेब, पासवर्ड, आपणच लिहिलेला कोड, सगळीकडे हाच प्रश्न दबा धरून बसलेला असतो. पंचाईत अशी की स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखं दिसतं.

१९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक मजेदार खटला आला होता. एका प्रकाशकाने कादंबरीच्या आतल्या पानावर छापलं होतं की ही प्रत एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकली तर तो कॉपीराइटचा भंग समजला जाईल. मेसी नावाच्या मोठ्या दुकानाने ती ८९ सेंटला विकायला काढली. प्रकाशक कोर्टात गेला आणि हरला. एकदा प्रत विकलीत की तिचं पुढे काय करायचं ते घेणारा ठरवेल, असा त्या निकालाचा अर्थ. जुनी पुस्तकं विकणं, मित्राला देणं, यामागचं कायद्याचं तत्त्व हेच.

आता शंभर वर्षं पुढे ये. जुलै २००९मध्ये जॉर्ज ऑरवेलच्या दोन कादंबऱ्या लोकांच्या किंडलवरून, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्रावरून, गायब झाल्या. ज्यांनी त्या कादंबऱ्या अ‍ॅमेझॉनच्या दुकानात चढवल्या त्यांच्याकडे हक्कच नव्हते, म्हणून अ‍ॅमेझॉनने पैसे परत केले आणि दुरूनच प्रती पुसून टाकल्या. लेखकही नेमका पाळत ठेवणाऱ्या सत्तेबद्दल लिहिणारा! एका शाळकरी मुलाने त्यात अभ्यासाच्या टिपा काढल्या होत्या. टिपा राहिल्या, पण त्या ज्या मजकुरावर होत्या तो मजकूर गेला. कंपनीने माफी मागितली, ते खरं. पण आपण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर दुसऱ्याचा हात पोहोचतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हाही तेच झालं. पैसे परत आले, पुस्तकं उघडेनाशी झाली. कॅलिफोर्नियात २०२५पासून असा कायदा आहे की डिजिटल वस्तूच्या बटणावर ‘विकत घ्या’ असं लिहायचं असेल, तर हा फक्त परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

याचा अर्थ काही घेऊच नकोस असा नाही. गाणी मीही स्ट्रीमिंगवरच ऐकतो. भाडं भरतोय हे माहीत असेल तर भाड्याने राहण्यात काहीच वाईट नाही. फक्त वीस वर्षांनीही लागतील अशा गोष्टींची एक यादी कर, म्हणजे फोटो, स्वतःचं लिखाण, प्रमाणपत्रं, हिशेब, जवळच्या माणसांचे मेल, आणि त्यांच्या बाबतीत भाडेकरू राहू नकोस. २०१९मध्येच मायस्पेस या सोशल नेटवर्किंग साइटने कबूल केलं की सर्व्हर हलवताना लोकांनी कित्येक वर्षं चढवलेली गाणी आणि फोटो हरवले. कुणी दुष्टपणा केला नव्हता. सामान हलवताना जे होतं ते झालं, एवढंच. ज्यांच्याकडे मूळ फाइल होती त्यांना फरक पडला नाही.

फाइल हातात असणं मात्र पुरेसं नाही, ती उघडताही आली पाहिजे. मराठीत टाइप करणाऱ्यांना हे वेगळं शिकवायला नको. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळायच्या आधी जो तो आपापला फॉन्ट घेऊन बसलेला असायचा. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक असायचे आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं सोंग द्यायचा. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की ‘सप्रेम नमस्कार’च्या जागी कंस, टक्क्याची खूण, डॉलर आणि मध्येच एखादं मोठ्या लिपीतलं इंग्रजी अक्षर. अशी फोल्डरं माझ्याकडे अजून आहेत. कन्व्हर्टर मिळतात, पण पहिली वेलांटी आणि रफार यांच्यापाशी ते हमखास घसरतात. कारण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असायची, आणि युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनानंतर साठवतात. रफाराचं बरोबर उलटं. त्यामुळे नुसती चिन्हं बदलून भागत नाही, जागांची अदलाबदल करावी लागते, आणि जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर गोंधळतो. ‘निश्चित’सारखा साधा शब्द घे आणि त्याची काय दशा होते बघ.

म्हणून माझा आग्रह: जे टिकायला हवं ते साध्या टेक्स्टमध्ये, यूटीएफ-८मध्ये (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत). तक्ते सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या टेक्स्टमध्ये. ज्याचं रूप जपायचं ते पीडीएफमध्ये. नोंदींचं एखादं देखणं अ‍ॅप वापरायचं असेल तर खुशाल वापर, पण पहिल्याच दिवशी त्यातली ‘एक्स्पोर्ट’ची सोय शोध, तिने काढलेली फाइल दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅममध्ये उघड आणि आत काय आलंय ते डोळ्यांनी बघ. तारखा आल्या का? चित्रं आली का? मी एकदा एका कंपनीचं असं अ‍ॅप मोठ्या हौसेने घेतलं होतं. एक्स्पोर्ट होतं, पण सगळ्या नोंदी एकाच फाइलमध्ये, शीर्षकाशिवाय, एकामागून एक. कागदोपत्री सोय होती. युरोपात २०१८पासून लागू झालेल्या जीडीपीआर कायद्याने आपला डेटा यंत्राला वाचता येईल अशा रूपात मागायचा हक्क दिलाय, तो नेमका याच चलाखीमुळे.

बॅकअपबद्दल थोडक्यात, कारण हे तू शंभरदा ऐकलं असशील: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. न ऐकलेला भाग पुढचा. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या लोकांचा कोड साठवून ठेवणाऱ्या कंपनीतल्या एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या आणि ऐन वेळी एकही धड चालत नसल्याचं लक्षात आलं. सुदैवाने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, उलट दुरुस्तीचं काम लोकांना थेट दाखवलं, त्यासाठी मला त्यांचं कौतुक आहे. तुझ्यासाठी एवढंच की बॅकअप घेतला म्हणजे काम अर्धं झालं. अधूनमधून त्यातली एखादी फाइल परत काढून, उघडून बघ.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. कॉम्प्युटर आणि कायदा यांची गाठ कुठे पडते ते याहून स्पष्ट मला कुठे दिसलेलं नाही.

ब्रिटनमध्ये बरीच छोटी पोस्ट ऑफिसं स्वतंत्र चालक कराराने चालवतात. बऱ्याचदा चालकाचं स्वतःचं दुकान आणि त्यातच पोस्टाचा काउंटर. १९९९पासून तिथे होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली बसवायला सुरुवात झाली, फुजित्सू कंपनीची. दिवस संपला की रोकड मोजायची आणि स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडून बघायची. काहींचं जुळेना. स्क्रीन म्हणायची इतके पौंड कमी, आणि पेटीत काय कमी आहे ते कळायला मार्ग नाही. करारावर बोट ठेवून पोस्ट ऑफिस तूट चालकाकडून वसूल करायचं. लोकांनी साठवलेला पैसा घातला, कर्जं काढली, घरं गहाण टाकली. मदतीच्या नंबरवर फोन केला की अनेकांना उत्तर मिळायचं, हा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. ९००हून अधिक माणसं चोरी, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरली. काही तुरुंगात गेली. काहींनी जीव दिला.

आणि पुरावा काय? मुख्यतः त्याच प्रणालीने दिलेला आकडा. इंग्लंडच्या १९८४च्या एका कायद्यात कलम होतं की कॉम्प्युटरने छापलेला कागद पुरावा म्हणून आणायचा असेल, तर मशीन नीट चालत होतं हे आधी दाखवायला हवं. ते कलम १९९९च्या कायद्याने काढून टाकलं. मागे उरलं ते गृहीतक, की उलट काही पुढे येत नाही तोवर कॉम्प्युटर बरोबर चालत होता असंच धरायचं. म्हणजे बिघाड दाखवायचा काउंटरवरच्या माणसाने आणि बिघाड जिथे सापडला असता त्या नोंदी मात्र कंपनीच्या सर्व्हरवर. त्यात आणखी भर अशी की फुजित्सूची माणसं दुरून शाखांच्या हिशेबात बदल करू शकत होती, आणि असं करताच येत नाही असं पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं सांगत राहिलं. अ‍ॅलन बेट्स या माजी चालकाने ५५५ जणांची मोट बांधून दावा लावला. डिसेंबर २०१९मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी प्रणालीत दोष होते आणि त्यांमुळे अशा तुटी निर्माण होऊ शकत होत्या, असा निकाल दिला. २०२१मध्ये अपील कोर्टाने ३९ जणांना निर्दोष ठरवलं आणि २०२४मध्ये संसदेने चक्क कायदा करून आणखी शेकडो जणांचा दोष पुसला. तोवर वीसहून अधिक वर्षं गेली होती.

मी सॉफ्टवेअरवर प्रेम करणारा माणूस आहे, म्हणून हे प्रकरण मला जास्तच लागलं. बग कुठल्याही प्रोग्रॅममध्ये असतात, त्यात नवल नाही. इथे घात केला तो ‘मशीन म्हणतंय म्हणजे खरं’ या आळसाने, आणि दुसऱ्या बाजूकडे स्वतःची अशी एकही नोंद नसण्याने.

याच्याशेजारी कॅनडातलं २०२४चं एक चिमुकलं प्रकरण ठेव. आजी वारल्यावर एका प्रवाशाने एअर कॅनडाच्या साइटवरच्या चॅटबॉटला विचारलं, घरात कुणी गेलं असेल तर तिकिटात सवलत कशी मिळते. बॉट म्हणाला, तिकीट काढा आणि नव्वद दिवसांत अर्ज करा. प्रत्यक्ष नियम असा होता की प्रवास झाल्यावर अर्ज चालत नाही. कंपनीने हात वर केले. इतकंच नाही, तर चॅटबॉट जे बोलला त्याची जबाबदारी आमच्यावर नाही, असा पवित्रा घेतला, जणू तो बॉट कुणी स्वतंत्र इसम होता. लवादाने ते उडवून लावलं आणि भरपाई द्यायला लावली. त्या प्रवाशाकडे काय होतं? संभाषणाचा स्क्रीनशॉट.

रक्कम किरकोळ होती, पण सवय लाखमोलाची. तीच तू लावून घे. कुठल्याही कंपनीशी, बँकेशी, घरमालकाशी किंवा नोकरीच्या ठिकाणी फोनवर काही ठरलं, की फोन ठेवल्यावर लगेच दोन ओळींचा मेल टाक: ‘आज दुपारी आपलं बोलणं झालं. त्यात आपण अमुक रक्कम तमुक तारखेपर्यंत परत करणार असल्याचं सांगितलंत. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कृपया कळवावं.’ शेवटचं वाक्य विसरू नकोस, सगळी मेख त्यात आहे. समोरचा गप्प राहिला तरी तुझ्याकडे तारखेसकट नोंद राहिली. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि साइटचा पत्ता दिसू दे. पावती लिंकच्या रूपात ठेवू नकोस, पीडीएफ उतरवून घे, कारण लिंक मरते. आणि खातं उघडताना ज्या अटी होत्या त्यांची त्या दिवशीची प्रत जपून ठेव. अटी बदलतात आणि बदलल्यावर जुन्या शोधून मिळत नाहीत.

अटींचा विषय निघालाच आहे तर, कुणीच त्या वाचत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. १ एप्रिल २०१०ला ब्रिटनमधल्या गेमस्टेशन या दुकानाने आपल्या ऑनलाइन अटींत गंमत म्हणून एक कलम घुसडलं, की गिऱ्हाईक आपला अमर आत्मा दुकानाला देऊन टाकत आहे. हजारो लोकांनी बिनदिक्कत देऊन टाकला. मीही सगळं वाचत नाही, वाचू शकत नाही. पण चार जागा नक्की शोधतो. एक, पैसे आपोआप पुन्हा कापले जाणार का आणि थांबवायचं कसं. दोन, माझ्या मजकुराचं किंवा फोटोंचं ते काय करू शकतात. तीन, खातं बंद करायला त्यांना कारण लागतं का, आणि केलं तर माझ्या फायलींचं काय. चार, भांडण झालं तर कोर्टात जाता येईल की त्यांच्या पसंतीच्या लवादाकडेच जावं लागेल. दहा मिनिटांचं काम आहे. पैसे किंवा मौल्यवान डेटा ठेवायचा असेल तिथे ती दहा मिनिटं काढ, बाकीच्या ठिकाणी ‘मान्य आहे’ दाबून मोकळा हो.

तुझ्या प्रोजेक्टबद्दल तू ओझरतं लिहिलं आहेस की कोड सगळ्यांना खुला करून टाकलाय, लायसन्स वगैरे नंतर बघू. नंतर नको. कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९०८च्या दुरुस्तीपासून चालत आलेली पद्धत अशी की लिहिलेल्या गोष्टीवर लेखकाचा हक्क आपोआप येतो, नोंदणी लागत नाही. म्हणजे लायसन्स नसलेला कोड सगळ्यांना दिसतो, पण तो घेऊन वापरायची परवानगी कुणालाच नसते. तुला नेमकं उलटं हवं आहे ना? मग ते लिहून ठेव. लोकांनी बंद सॉफ्टवेअरमध्येही वापरला तरी चालेल असं वाटत असेल तर एमआयटी नावाचं लायसन्स. सुधारून पुढे वाटणाऱ्यांनी आपला कोडही खुला ठेवावा असं वाटत असेल तर जीपीएल नावाचं. स्वतः नवीन लायसन्स लिहायला जाऊ नकोस, वकीलसुद्धा ते टाळतात. ही लायसन्सं कोर्टात टिकतात का अशी शंका काही वर्षं होती. २००८मध्ये अमेरिकेतल्या एका अपील कोर्टाने टिकतात असं सांगितलं, आणि ते प्रकरण होतं खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. एका हौशी माणसाने फुकट वाटलेला कोड एका कंपनीने त्याचं नाव काढून वापरला होता. मला हा निकाल फार आवडतो. हौसेलाही कायद्याचं कवच मिळालं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तुला कुलपं बघितली की हात शिवशिवतात, हे मला माहीत आहे. नोव्हेंबर १९८८मध्ये रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक आपोआप पसरणारा प्रोग्रॅम सोडला. मशीनवर आधीच एक प्रत असेल तर नव्या प्रतीने माघार घ्यायची, अशी व्यवस्था त्यात होती. पण कुणी खोटीच ‘आहे’ म्हणून सांगून प्रोग्रॅमला चकवू नये, म्हणून सातातून एकदा तरीही तिथे ठाण मांडायचं असं त्याने ठरवलं. तो सातातून एक फार जास्त ठरला. मशीनवर प्रतींवर प्रती साचल्या आणि ती ठप्प झाली. कॉम्प्युटरच्या गैरवापराविरुद्धच्या १९८६च्या अमेरिकी कायद्याखाली तो दोषी ठरला, तीन वर्षं देखरेखीखाली राहिला, समाजसेवा आणि दंड वेगळा. पुढे तो एमआयटी या विद्यापीठात प्राध्यापक झाला, पण प्रत्येकाची कहाणी तशी वळण घेत नाही. दुसऱ्याच्या यंत्रणेत डोकावायचं असेल तर आधी लेखी परवानगी, आणि त्यात काय तपासायचं, कुठपर्यंत, हे स्पष्ट. तोंडी ‘हो हो, बघ की’ चालत नाही, कारण पुढे तो माणूस ओळखही दाखवणार नाही. परवानगी नसेल तर स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आतला नकली कॉम्प्युटर) उभं कर आणि त्याची हवी तेवढी मोडतोड कर.

आता तुझा तिसरा प्रश्न. एआय कोड लिहून देतं आणि बरा देतं, हे मान्य. मीही वापरतो. कंटाळवाणी कामं त्याच्याकडे ढकलतो आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात काय झालं ते लक्षात ठेव. वकिलांनी चॅटजीपीटीकडून निकालांचे दाखले घेतले आणि अर्जात घातले. दाखले अस्तित्वातच नव्हते. कहर म्हणजे हे खटले खरे आहेत ना, असं त्यांनी चॅटजीपीटीलाच विचारलं होतं आणि त्याने होकार दिला होता. पाच हजार डॉलर दंड बसला, तो वकिलांना. सही त्यांची होती.

याच्या उलट टोकाचा माणूस म्हणजे अँड्रेस फ्रॉइंड. मार्च २०२४मध्ये तो डेटाबेसच्या कामाची वेगचाचणी करत होता. दुसऱ्या मशीनवर एसएसएचने (दुरून सुरक्षित जोडणी करायची सोय) लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं त्याच्या लक्षात आलं. अर्धा सेकंद! दुसऱ्या कुणी नेटवर्कला दोन शिव्या घालून पुढचं काम घेतलं असतं. त्याने प्रोसेसर कुठे खर्ची पडतोय ते तपासलं, धागा एक्सझेड नावाच्या फाइल दाबून लहान करणाऱ्या एका लायब्ररीपर्यंत (इतर प्रोग्रॅम वापरतात असा तयार कोड) गेला, आणि तिथे मुद्दाम पेरलेलं चोरदार निघालं. कुणीतरी दोनेक वर्षं त्या प्रोजेक्टला मदत करत, विश्वास कमावत, हे घडवून आणलं होतं. ते जगभरच्या सर्व्हरवर पोहोचायच्या बेतात होतं.

शिकण्यात राम आहे का, याचं माझ्यापाशी असलेलं उत्तर हे आहे. लिहून देणारे पुष्कळ मिळतील. खटकायला मात्र आत काहीतरी मुरलेलं असावं लागतं. तू ज्या पातळीवर काम करतोस तिच्या एक पायरी खालचं नेहमी शिकत राहा. वेबसाइट बनवत असशील तर ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात ते. पायथन लिहीत असशील तर मेमरीत काय घडतं ते. एरर आली की ती एआयला चिकटवण्याआधी स्वतः खालून वर वाच. पायथनमध्ये खरं कारण बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत असतं आणि लोक घाबरून पहिलीच ओळ वाचत बसतात. एआयने दिलेल्या कोडची जी ओळ तुला समजावून सांगता येत नाही, ती तुझ्या नावाने पुढे पाठवू नकोस.

रोजच्या जगण्यातल्या दोन गोष्टी उरल्या. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह आणि दर काही महिन्यांनी बदल, ही सक्ती आली ती बिल बर यांनी २००३मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनातून. २०१७मध्ये त्याच संस्थेने हे नियम मागे घेतले आणि निवृत्त झालेल्या बर यांनीही त्या सल्ल्याबद्दल खंत व्यक्त केली. माणसं काय करतात? शेवटी एक उद्गारचिन्ह लावतात आणि दर वेळी आकडा एकने वाढवतात. त्यापेक्षा लांबी महत्त्वाची. फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून सहा शब्द उचलायची एक जुनी पद्धत आहे, मुख्य पासवर्डसाठी ती वापर. बाकी सगळे पासवर्ड मॅनेजरला, म्हणजे पासवर्ड बनवून जपून ठेवणाऱ्या अ‍ॅपला, बनवू दे. मुख्य मेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नकोस, कारण इतर सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायची पत्रं तिथेच येतात. ओटीपी मोबाइल नंबरवर घेण्याऐवजी जिथे जमेल तिथे ऑथेंटिकेटर (फोनवरच कोड दाखवणारं अ‍ॅप) किंवा पासकी (पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली) घे. नंबर हा टेलिफोन कंपनीच्या ताब्यात असतो आणि थापा मारून तुझा नंबर दुसऱ्या सिमवर वळवून घेणारे भामटे असतात. घाई करायला लावणारा फोन आला तर ठेवून दे आणि कार्डामागच्या किंवा पासबुकावरच्या नंबरवर स्वतः फोन लाव.

रिकव्हरी कोड, म्हणजे खातं अडकलं तर परत आत शिरायचे कोड, कागदावर लिही. हो, कागदावर. तुझा पासवर्ड चोरायला कुणी दुसऱ्या खंडातून येऊन कपाट उघडणार नाही. आणि तुला काही झालं तर घरातल्या कुणाला तो कागद कुठे आहे हे माहीत असू दे. माणूस गेल्यावर त्याच्या फोनपुढे बसून अंदाजाने आकडे दाबणारे नातेवाईक मी पाहिलेत. फोटो आत, आणि घरचे बाहेर. बऱ्याच मोठ्या सेवांमध्ये आता वारस किंवा विश्वासू व्यक्ती नेमायची सोय असते. सेटिंगमध्ये खोल कुठेतरी असते, शोधून काढ. घरातल्या मोठ्यांच्या फोनवरही तेच करून दे, त्यांना कळेल अशा शब्दांत समजावून.

प्रोजेक्टचं लायसन्स ठरलं की कळव. आणि त्यात इतरांच्या कोणकोणत्या लायब्ररी वापरल्या आहेत त्यांची यादी पाठव, प्रत्येकीच्या लायसन्ससकट. जीपीएलवाली एखादी असली तर तुला एमआयटी निवडता येईल की नाही ते आधी बघावं लागेल. यादी साध्या टेक्स्टमध्ये पाठव, कुठल्या अ‍ॅपची लिंक नको.

तुझा,
काका